हृद्‌विद्युत् व्यस्त समस्या

हृद्‌विद्युत् व्यस्त समस्या : त्वचेवर अनेक ठिकाणी मोजलेल्या विद्युत् वर्चसांवरून (विद्युत् पातळ्यांवरून) हृदयात चाललेल्या विद्युत् क्रियेचे वितरण गणिताने निश्चित करण्याची समस्या. हृदयातील विद्युत् क्रिया ज्ञात आहे असे मानून त्वचेवरील वर्चस् काढणे ही सरल समस्या होय. याउलट कार्यावरून कारणाकडे जावयाचे असल्यामुळे प्रस्तुत समस्येस व्यस्त समस्या म्हणतात. भूकंपतरंगांवरून पृथ्वीच्या अंतरंगाची रचना ठरविणे किंवा क्ष-किरणांच्या क्षीणनावरून शरीराच्या छेदाचे चित्र तयार करणे ही याच वर्गातील इतर उदाहरणे होत. हृद्‌विद्युत् समस्येचे वैशिष्ट्य असे की, तिचा विद्युत् सिद्धांत दीर्घकाळ ज्ञात असूनही तिचे उत्तर मोजमापांतील अतिसूक्ष्म त्रुटींमुळे संपूर्णपणे बिघडू शकते. म्हणून केवळ मोजमापांवर विसंबून हा प्रश्न सुटत नाही. उत्तर कसे असावे याविषयीची काही माहिती बाहेरून पुरवावी लागते. ही माहिती कोणती व किती पुरवावयाची, हाच या विषयाचा गाभा आहे.

हृदयाची विद्युत् क्रिया : हृदयाच्या स्नायुकोशिकेचे पटल विश्रांत अवस्थेत ध्रुवित असते, कोशिकेचा अंतर्भाग बाहेरच्या मानाने सु. ९० मिलिव्होल्ट ऋण असतो. उद्दीपन होताच पटलातील सूक्ष्म मार्ग उघडून सोडियम आयन (विद्युत् भारित अणू) आत शिरतात आणि अत्यल्प काळात आतील वर्चस् धन होते. या क्रियेस विध्रुवण म्हणतात. त्यानंतर कॅल्शियम व पोटॅशियम आयनांच्या वहनामुळे निलयांतील कोशिका सु. ०·३ सेकंदात मूळ अवस्थेस परत येते. हे पुनर्ध्रुवण होय. उद्दीपनाचा प्रारंभ उजव्या अलिंदातील गतिकारक गाठीत होतो. तेथून ते अलिंदांच्या भित्तींत पसरते, अलिंद-निलय गाठीत थोडे रेंगाळते व नंतर हिस जुडगा आणि पुरकिन्ये तंतू यांच्यामार्फत निलयांत वेगाने पोहोचते. निरोगी हृदयात दोन्ही निलयांच्या भित्तींचे विध्रुवण सु. ०·१ सेकंदात पूर्ण होते. [⟶ हृदय].

विध्रुवित व विश्रांत ऊतकांच्या सीमेस तरंगाग्र म्हणतात. तरंगाग्राच्या दोन बाजूंच्या वर्चसांत फरक असल्याने ते विद्युत् प्रवाहाच्या उगमांच्या द्विस्तराप्रमाणे वागते. शरीरातील रक्त, स्नायू, फुप्फुसे इ. ऊतके कमीअधिक प्रमाणात विद्युत् संवाहक असल्यामुळे हा प्रवाह सर्व धडात पसरतो आणि त्वचेवर सु. एक मिलिव्होल्ट इतका वर्चस् भेद निर्माण करतो. काळानुसार होणाऱ्या त्याच्या बदलाचा आलेख म्हणजेच विद्युत् हृल्लेख. रुग्णांच्या बोलण्यातील ई. सी. जी. तो हाच. नेहमीच्या बारा जोडण्यांच्या हृल्लेखासाठी दहा विद्युत् अग्रे लावतात.

इतिहास : मानवी हृदयाचा विद्युत् हृल्लेख त्वचेवरून प्रथम ऑगस्टस वॉलर (१८५६–१९२२) यांनी १८८७ मध्ये लंडन येथे केशिका विद्युत् मापकाच्या साहाय्याने मिळविला. डच शरीरक्रियावैज्ञानिक व्हिलेम आइंटहोव्हेन (१८६०–१९२७) यांनी तंतू गॅल्व्हानोमीटर वापरून ही मोजणी अचूक केली. या कार्याबद्दल त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दोन हात व डावा पाय यांच्या जोडण्यांचा समभुज त्रिकोण कल्पून आणि संपूर्ण हृदयाच्या जागी त्याच्या मध्यभागी एकच विद्युत् द्विध्रुव मानून त्यांनी त्या द्विध्रुवाची दिशा व मान हृल्लेखावरून काढण्याची रीत दिली. आधुनिक भाषेत सांगावयाचे, तर ही व्यस्त समस्येचीच अतिशय सोपी आवृत्ती होती. अज्ञात राशींची संख्या अत्यल्प ठेवल्यामुळे तिचे उत्तर स्थिर मिळे. मात्र हृदयाच्या कोणत्या भागात काय चालले आहे, हे त्यावरून कळत नसे. पुढे १९५४ मध्ये डेनिस गाबोर व नेल्सन यांनी पृष्ठभागावरील वर्चसांवरून हृदयाचा फलित द्विध्रुव व त्याचे स्थान काढण्याची गणिती रीत मांडली. हे गाबोर म्हणजे होलोग्राफीच्या शोधाबद्दल १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे भौतिकीविज्ञ होत.

त्वचेवर दहाऐवजी शंभराहून अधिक विद्युत् अग्रे लावून संपूर्ण धडाचा वर्चस् नकाशा काढण्याच्या कामास इटलीतील ब्रूनो ताकार्दी यांच्या १९६०–७० या दशकातील संशोधनाने चालना मिळाली. १९७७ मध्ये अमेरिकेतील बार, रॅम्झी व स्पॅक यांनी हृदयाच्या बाह्य पृष्ठावरील वर्चस् व त्वचेवरील वर्चस् यांना जोडणारे गुणांक धडाच्या भूमितीवरून काढून दाखविले. तेव्हापासून ‘द्विध्रुव कोठे आहे ?’ या प्रश्नाऐवजी ‘हृदयाच्या पृष्ठावर प्रत्येक बिंदूशी वर्चस् किती आहे ?’ या प्रश्नास प्राधान्य मिळाले.

सरल समस्या : हृदयातून निघणारे विद्युत् संकेत कमी कंप्रतेचे असल्याने शरीरातील प्रत्येक बिंदूचे वर्चस् उगमांतील बदलास तत्काळ अनुसरते, असे मानता येते. त्यामुळे काळाच्या प्रत्येक क्षणी एक स्वतंत्र स्थिर विद्युत् समस्या सोडवावी लागते. हृदयाच्या आत उगम असतात. पण हृदयाचे बाह्य पृष्ठ व त्वचा यांच्या दरम्यान ते नसतात. ऊतकांची संवाहकता सर्वत्र सारखी मानल्यास तेथील वर्चस् लाप्लास समीकरणाचे पालन करते. त्वचेबाहेरील हवा विसंवाहक असल्याने त्वचेतून प्रवाह बाहेर जात नाही. म्हणजे त्वचेला लंब दिशेने वर्चसाचा अवकलज शून्य असतो. हृदयाच्या पृष्ठावरील वर्चस् दिले असता या अटींवरून त्वचेवरील वर्चस् एकमेव रीतीने ठरते.

धडाचा आकार अनियमित असल्याने हे गणन सीमा घटक किंवा सांत घटक पद्धतीने संगणकावर करतात. हृदय व धड यांची भूमिती संगणकीय क्ष-किरण छेददर्शनाने किंवा चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांकनाने मिळते. दोन्ही पृष्ठे लहानलहान त्रिकोणांत विभागल्यावर सरल समस्येस पुढील साधे रूप येते :

श = आ ह

येथे ह हा हृदयपृष्ठावरील वर्चसांचा स्तंभ, श हा शरीरपृष्ठावरील वर्चसांचा स्तंभ व आ हा भूमिती आणि संवाहकता यांवरून काढलेला आव्यूह आहे. हृदयाच्या आतील क्रियेचेही प्रतिरूप हवे असल्यास ऊतकाकडे एकमेकांत मिसळलेली दोन माध्यमे, म्हणजे कोशिकांतर्गत व कोशिकाबाह्य माध्यम, या दृष्टीने पाहतात. दोहोंची संवाहकता स्नायुतंतूंच्या दिशेने अधिक व आडव्या दिशेने कमी असते. या द्विक्षेत्र प्रतिरूपास टंग यांनी १९७८ मध्ये गणिती रूप दिले. पटलातील आयन प्रवाहांची समीकरणे हॉजकिन व हक्सली यांच्या तंत्रिकेविषयीच्या १९५२ मधील कार्यावर आधारलेली आहेत. डेनिस नोबल यांनी १९६२ मध्ये ती पुरकिन्ये तंतूंसाठी योग्य बदल करून वापरली.

उत्तराची एकमेवता : फ्रेंच गणितज्ञ झाक आदामार (१८६५–१९६३) यांच्या मते एखादी गणिती समस्या सुस्थापित असण्यासाठी तीन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात : (१) उत्तर अस्तित्वात असावे, (२) ते एकमेव असावे आणि (३) दिलेल्या माहितीत अल्प बदल झाल्यास उत्तरातही अल्पच बदल व्हावा. यांपैकी एकही अट न पाळणारी समस्या असुस्थापित होय.

हृदयाच्या आतील उगम शोधावयाचे म्हटल्यास दुसरी अटच मोडते. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फोन हेल्म्होल्ट्स (१८२१–९४) यांनी १८५३ मध्येच दाखविले होते की, संवाहकाच्या पृष्ठावरील वर्चसांवरून त्याच्या आतील उगमांचे वितरण एकमेव रीतीने ठरविता येत नाही. उदा., हृदयाच्या भित्तीत सर्व बाजूंनी बंद असलेले, सर्वत्र समान तीव्रतेचे तरंगाग्र तयार झाले, तर त्यामुळे बाहेर कोणतेही वर्चस् निर्माण होत नाही. असे तरंगाग्र असले काय किंवा नसले काय, त्वचेवरील मोजमाप तेच राहील.

प्रश्न हृदयाच्या बाह्य पृष्ठावरील वर्चसापुरता मर्यादित केल्यास ही अडचण दूर होते. त्वचेवरील वर्चस् आणि त्याचा शून्य अवकलज या दोन्ही गोष्टी ज्ञात असल्याने हृदयपृष्ठावरील वर्चस् तत्त्वतः एकच एक असते. प्रस्तुत समस्येतील या एकमेवतेची सिद्धता यामाशिता यांनी १९८२ मध्ये दिली. मात्र एकमेवता सिद्ध झाली म्हणजे उत्तर हाती आले असे नव्हे; कारण तिसरी अट अजून राहते. एकाच सीमेवर वर्चस् व त्याचा अवकलज देऊन लाप्लास समीकरण सोडविणे हे अस्थिर समस्येचे आदामार यांनी स्वतः दिलेले प्रसिद्ध उदाहरण आहे आणि हृद्‌विद्युत् व्यस्त समस्या नेमकी याच स्वरूपाची आहे.

अस्थिरता : ही अस्थिरता किती तीव्र असते, हे पुढील सोप्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. धडाचा आडवा छेद म्हणजे एक वर्तुळ व त्याच्या मध्यभागी निम्म्या त्रिज्येचे हृदयाचे वर्तुळ आहे आणि मधली संवाहकता सर्वत्र सारखी आहे, असे मानू. हृदयाच्या परिघावर वर्चस् एका फेरीत न वेळा वरखाली होत असेल, तर लाप्लास समीकरणावरून असे दिसते की, त्याच आकृतिबंधाचे त्वचेवरील वर्चस् क्षीण होऊन पोहोचते. त्यावरून मूळ वर्चस् मिळविण्यासाठी मोजलेल्या मूल्यास एका गुणकाने गुणावे लागते. न = १ असता हा गुणक केवळ १·२५ असतो; न = ५ असता सु. १६; न = १० असता ५१२ आणि न = २० असता ५ लाखांहून अधिक होतो.

आता त्वचेवरील मोजमापात १/१०० मिलिव्होल्टाची त्रुटी आहे असे समजू. स्नायूंची हालचाल, श्वसन व विद्युत् अग्राचा त्वचेशी असलेला संपर्क यांमुळे एवढी त्रुटी सहज येते. न = १ या आकृतिबंधात ती जवळजवळ तशीच राहते; न = १० या आकृतिबंधात ती ५ मिलिव्होल्ट होते; न = २० मध्ये ५ व्होल्टांहून अधिक होते. हृदयपृष्ठावरील खरे वर्चस् काही दशक मिलिव्होल्टच असल्याने असे उत्तर निरर्थक ठरते. याचीच दुसरी बाजू अशी की, हृदयावरील न = १० या आकृतिबंधाचे ५ मिलिव्होल्टाचे खरे वर्चस् त्वचेवर १/१०० मिलिव्होल्ट इतकेच उमटते व मोजमापाच्या त्रुटीत बुडून जाते. म्हणजे हृदयक्रियेचे बारकावे शरीरच पुसून टाकते. विद्युत् अग्रांची संख्या वाढविल्याने किंवा संगणक अधिक शक्तिमान केल्याने ते परत मिळत नाहीत. अंतर कमी केल्यास मात्र परिस्थिती सुधारते : वरील उदाहरणात त्रिज्यांचे गुणोत्तर ०·५ ऐवजी ०·९ घेतल्यास न = १० साठीचा गुणक ५१२ वरून १·६ इतका खाली येतो. रक्तवाहिनीतून नलिका हृदयात घालून जवळून मोजमाप करण्याची पद्धत अधिक भरवशाची का असते, याचे गणिती कारण हेच आहे.

नियमितीकरण : अस्थिर समस्येच्या जागी तिच्याशी जवळची अशी स्थिर समस्या सोडविणे म्हणजे नियमितीकरण होय. या पद्धतीचा पाया रशियन गणितज्ञ अंद्रेई तिखोनॉव्ह (१९०६–९३) यांनी घातला. तिच्यात श = आ ह हे समीकरण तंतोतंत पाळण्याचा आग्रह सोडून पुढील राशीचे किमान मूल्य शोधतात :

|आ ह – श|² + प |ह|²

पहिले पद मोजमापांशी असलेली विसंगती दाखविते. दुसरे पद अवाजवी मोठ्या उत्तरांना दंड करते; त्यात ह ऐवजी ह चा उतार किंवा वक्रता घेतल्यास फार खडबडीत उत्तरांना दंड होतो. प या धन प्रचलाने दोन पदांमधील तडजोड ठरते. प फार लहान ठेवल्यास त्रुटींचे विवर्धन होऊन नसलेले उगम दिसू लागतात. तो फार मोठा ठेवल्यास उत्तर गुळगुळीत होते. जवळजवळची दोन उद्दीपनस्थाने एकत्र मिसळतात आणि संवहन रोखणाऱ्या रेषा पुसट होतात. प निवडण्याच्या अनेक रीती आहेत. दोन्ही पदांची मूल्ये लॉगरिथमी प्रमाणावर परस्परांविरुद्ध काढल्यास मिळणाऱ्या काटकोनी वळणाच्या वक्राचा कोपरा निवडणे, ही हॅन्सन यांनी १९९२ मध्ये विशद केलेली रीत विशेष प्रचलित आहे.

दुसऱ्या एका पद्धतीत प्रत्येक क्षणाचे वर्चस् न शोधता हृदयपृष्ठावरील प्रत्येक बिंदू कोणत्या क्षणी विध्रुवित झाला, एवढेच शोधतात. यात अज्ञात राशींची संख्या पुष्कळ कमी होते आणि आतील पृष्ठाचाही समावेश करता येतो. परंतु समीकरणे अरेषीय होतात आणि सर्व कोशिकांचे विध्रुवण एकाच साच्याचे असते, असे गृहीत धरावे लागते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर स्नायूंच्या जागी व्रणऊतक निर्माण झाले असेल, तर हे गृहीत तेथे लागू पडत नाही. संभाव्यता सिद्धांतावर आधारलेल्या पद्धतींत संभाव्य उत्तरांचे वितरण आधीच मानून मोजमापांनुसार त्यात सुधारणा करतात. अलीकडे संगणकावर तयार केलेल्या असंख्य उदाहरणांवरून यंत्राला शिकवून उत्तर काढण्याचेही प्रयत्न चालू आहेत. त्यांतही पूर्वमाहिती असतेच, फक्त ती सूत्राऐवजी उदाहरणांतून येते. कोणतीही पद्धत घेतली, तरी अंतिम चित्राचा काही भाग मोजमापांतून व काही भाग गृहीतांतून आलेला असतो, हे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

उपयोग व पडताळणी : हृदयाच्या काही तालविकारांत भित्तीच्या एखाद्या लहानशा भागातून अवेळी उद्दीपने निघतात किंवा उद्दीपन व्रणऊतकाभोवती फिरत राहते. निलयांतील असा अतिवेग प्राणघातक ठरू शकतो. दोषी ऊतक नलिकेच्या टोकाने तापवून निकामी करणे हा त्यावरील एक उपाय आहे. पण ते ठिकाण शोधण्यास पुष्कळदा कित्येक तास लागतात. ते त्वचेवरील मोजमापांवरून आधीच कळावे, हा व्यस्त समस्येचा मुख्य व्यावहारिक हेतू होय. योराम रूडी व त्यांचे सहकारी यांनी सु. २५० विद्युत् अग्रे व छेददर्शनाने मिळविलेली भूमिती यांच्या साहाय्याने मानवी हृदयपृष्ठाचे वर्चस् नकाशे काढण्याची पद्धत विकसित केली आणि निरोगी व विकारग्रस्त हृदयांचे तिने मिळविलेले नकाशे २००४ मध्ये प्रसिद्ध केले. तत्पूर्वी १९९७ मध्ये मानवी धडाच्या आकाराच्या, विद्युत् संवाहक द्रवाने भरलेल्या टाकीत कुत्र्याचे जिवंत हृदय ठेवून या पद्धतीची परीक्षा घेण्यात आली होती. कृत्रिम उद्दीपनाच्या जागा तीत सु. १ सेंमी. च्या आत ओळखता आल्या.

अमेरिकेतील सेंट लूइस येथे २०१७ मध्ये याहून पुढचे पाऊल टाकण्यात आले. निलयांच्या अतिवेगावरील इतर उपचार निष्फळ ठरलेल्या पाच रुग्णांमध्ये हृद्‌विद्युत् नकाशा व व्रणऊतक दाखविणारी प्रतिमाचित्रे यांवरून दोषी जागा ठरविली गेली आणि छाती न उघडता व नलिका न घालता बाहेरून २५ ग्रे इतकी प्रारण मात्रा एकाच वेळी देण्यात आली. उपचारापूर्वीच्या तीन महिन्यांत या रुग्णांना अतिवेगाचे एकूण ६,५७७ झटके आले होते. उपचारानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत ६८० झटके आले व तो काळ वगळता पुढे सर्व रुग्णांच्या मिळून ४६ महिन्यांत केवळ चार आले. रुग्णांची संख्या अल्प असल्याने यावरून सर्वसाधारण निष्कर्ष काढता येत नाही. मात्र एका असुस्थापित समस्येच्या उत्तरावर किती मोठा निर्णय अवलंबून राहू शकतो, हे यावरून दिसते.

याउलट, फ्रान्समधील बॉर्दो येथील संशोधकांनी २०१९ मध्ये ५९ रुग्णांत गणिताने काढलेले उद्दीपनाचे नकाशे आणि नलिकेने हृदयपृष्ठास स्पर्श करून मिळविलेले नकाशे यांची तुलना केली. दोहोंतील मेळ एकंदरीत असमाधानकारक आढळला; निलयांचे विध्रुवण संथ गतीने होणाऱ्या रुग्णांत तो काहीसा बरा होता. टाकीतील प्रयोग व रुग्णशय्या यांतील ही तफावत अनेक कारणांनी संभवते. श्वसन व आकुंचन यांमुळे हृदय सतत हलते, तर भूमिती बहुधा एकाच क्षणाची घेतलेली असते. फुप्फुसे, रक्त व अस्थी यांच्या संवाहकता भिन्न असतात. आणि निलयांमधील पडद्यासारखे आतील भाग बाह्य पृष्ठावरून अप्रत्यक्षपणेच कळतात.

या सर्वांवरून असे दिसून येईल की, संगणकाने काढलेल्या रंगीत नकाशाकडे प्रत्यक्ष छायाचित्राप्रमाणे पाहता येत नाही. त्यातील ठळक आकृतिबंध मोजमापांनी समर्थित असतात, तर बारकावे बऱ्याच अंशी नियमितीकरणाच्या निवडीवर अवलंबून असतात. म्हणून नकाशाबरोबर प्रत्येक भागातील संभाव्य त्रुटीचे मानही देणे, भिन्न गृहीते घेऊन उत्तर किती बदलते ते पाहणे आणि शक्य तेथे प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून पाहणे आवश्यक ठरते. त्रुटीचे मान माहीत असलेला पुसट नकाशादेखील वैद्याच्या उपयोगी पडतो; ते माहीत नसलेला रेखीव नकाशा मात्र त्याला निरोगी ऊतक जाळावयास लावू शकतो.